इंद्रायणीतले कागद आणि तापीकाठची ठेव



तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली असेल याची गणती नाही. देहूच्या पेठेचे महाजनपण त्यांच्या घरी होते. दुकान होते, सावकारी होती. १६३०च्या दुष्काळाने ते सारे मोडले. गुरे गेली, घरात माणसे गेली, अन्न अन्न करीत पत्नी गेली. त्यानंतर तुकोबांनी बंधू कान्होबांना बोलावले, लोकांकडून येणे असलेल्या रकमांच्या खतांच्या दोन वाटण्या केल्या, एक कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची खते डोहात सोडून दिली, असे परंपरा सांगते.

ही कथा ऐकताना आपले मन कोठे उभे असते, हे एकदा तपासून पाहावे. बहुधा ते सुटलेल्या कुळांच्या बाजूला उभे असते. आपल्याही डोक्यावर कसले ना कसले कर्ज असते, म्हणून आपल्याला ती सुटका आपली वाटते. पण तुकोबा त्या व्यवहारात कूळ नव्हते, ते धनको होते. ज्याचे येणे होते त्याने स्वतःच्या येण्याचे काय करावे, हा त्या कथेचा खरा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आज तुम्हा-आम्हा प्रत्येकाला लागू आहे. कारण ज्याने बँकेत किंवा पतसंस्थेत शंभर रुपये ठेवले, तो शंभर रुपयांचा धनको झाला. त्याचे पैसे पुढे कोणाला, कोणत्या व्याजाने, कोणत्या धंद्यासाठी दिले जातात हे त्याला दिसत नाही, एवढाच फरक. तुकोबांना आपली कुळे तोंडाने माहीत होती. आपल्याला आपली कुळे माहीत नाहीत.

म्हणून या लेखात आपण खानदेशच्या मातीतला एक इतिहास पाहू. तापी, गिरणा, बोरी आणि पांझरा यांच्या काठच्या माणसांनी गेल्या दोनशे वर्षांत कर्ज कसे घेतले, ठेव कोठे ठेवली, आणि सावकाराला पर्याय शोधताना त्यांना काय सापडले व काय हरवले, हा तो इतिहास.

कागद वाढतो कसा

१८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीच्या हाती गेला. शेतसारा रोख रकमेत आणि ठरल्या हप्त्याला भरण्याची सक्ती घट्ट होत गेली. आभाळ हप्ता पाळत नाही. पीक घरात येण्याआधी सारा भरायचा तर रोकड आणायची कोठून? सावकाराकडून. १८५२ साली नव्या मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत रयत उठली, ती या रोख साऱ्याच्या भीतीनेच. उठाव मोडला गेला, मोजणी झाली.

पुढे १८६०च्या दशकात आगगाडी भुसावळ-जळगावपर्यंत आली आणि त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढला तशी शेतकऱ्याची पतही चढली. सावकार मागेल तेवढे देऊ लागला. युद्ध संपले, भाव उतरला. कर्ज मात्र उतरले नाही.

कर्ज का उतरत नसे, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा दंडक होता. व्याज कितीही साठले तरी एका वेळी मुद्दलाच्या दुपटीपेक्षा अधिक वसूल करता येत नसे. शंभराचे दोनशे, त्यापुढे थांबायचे. इंग्रजी न्यायालयांनीही मुंबई इलाख्यात हा नियम मानला. पण १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. कायदा केला होता कुळाच्या भल्यासाठी, की जुनी कर्जे पिढ्यान्‌पिढ्या मागे लागू नयेत. सावकाराने त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी जुना कागद फाडायचा, साठलेले व्याज मुद्दलात घालायचे आणि नवा कागद करायचा. नव्या कागदावर जुने व्याज मुद्दल होऊन बसले की दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आकडा मांडून पाहा. शंभर रुपये कर्ज, सालीना चोवीस टक्के व्याज. तीन वर्षांनी कागद १७२ रुपयांचा. सहा वर्षांनी साधारण २९६चा. नऊ वर्षांनी ५०९चा. कुळाने हातात घेतले शंभरच. दामदुपटीने जिथे दोनशेवर थांबायला हवे होते, तिथे नवव्या वर्षी पाचशे ओलांडले.

१२ मे १८७५ या दिवशी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खते काढली आणि जाळली. हे लोण पुणे-नगर भागात पसरले. लोकांनी मारहाणीपेक्षा कागद हाती घेण्यावर भर दिला, हे सरकारी चौकशीतही नोंदले गेले. वाचकहो, तुकोबांच्या कथेशेजारी ही घटना ठेवून पाहा. देहूला एका धनकोने आपल्या हक्काचे कागद आपल्या हाताने पाण्यात सोडले. अडीचशे वर्षांनंतर, त्याच मुलखात, कुळांना दुसऱ्याचे कागद हिसकावून अग्नीत टाकावे लागले. मधल्या काळात धनकोच्या मनातले काहीतरी आटले होते. १८७९ साली दख्खनच्या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला आणि न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन हिशेबाचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा मिळाली. कागदावर सही आहे म्हणून तो खरा, हे समीकरण तेव्हा कोठे कायद्याने सैल झाले.

उचल आणि सालदारकी

तापीच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, कर्जाने आणखी एक रूप घेतले. शहादा, तळोदा, नंदुरबार हा मुलूख १९०६ साली खानदेशची फाळणी झाल्यावर पश्चिम खानदेशात आला, पुढे धुळे जिल्ह्यात राहिला आणि १९९८ साली नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. तेथील भिल्ल शेतकऱ्याने लग्नासाठी उचल घ्यावी, ती फिटेना म्हणून सालदार म्हणून राबावे, साल संपताना उचल फिटण्याऐवजी वाढलेली निघावी आणि हळूहळू जमीन दुसऱ्याच्या नावावर जावी. डी. सिमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्याने १९३८च्या सुमारास या भागाची पाहणी करून सरकारला दिलेल्या अहवालात हे शोषण स्पष्ट शब्दांत नोंदले आहे.

त्याच वर्षांत तळोदा तालुक्यात गुला महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत होते. महाराज त्यांना दारू सोडा, स्वच्छ राहा असे सांगत. वरून पाहता हा केवळ व्यसनमुक्तीचा उपदेश. पण दारूचा पिठा जिथे तिथेच उधारीची वही असते, हे ज्याने गाव पाहिले आहे त्याला सांगायला नको. प्याला सुटला की वहीचे एक पान मिटते. भक्तीची चळवळ अशी नकळत अर्थकारणाची चळवळ होते. पुढे १९७२च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, त्यांच्या पुढाकाराने आणि श्रमिक संघटनेच्या बळावर गेलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आला. १९७४ साली आदिवासींच्या जमिनी त्यांना परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने केला.

खालच्या खानदेशातही विचार थांबला नव्हता. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन. धनाजी नाना चौधरींनी त्यासाठी जिवाचे रान केले. तेथे मांडलेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतकऱ्याच्या कर्जाचा भार हलका करणे हे कलम होते. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, त्यात घरावर आलेले कर्ज आईचा मान कसा खाते हे सांगितले आहे. कर्जाने आधी माणसाची मान खाली जाते, जमीन नंतर जाते, हे गुरुजींना दिसले होते.

हमी एकमेकांची

सावकाराला पर्याय काय, याचे एक उत्तर दूरच्या जर्मनीतून आले. १८४६-४७च्या उपासमारीच्या हिवाळ्यात फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन या गावप्रमुखाने गरिबांना भाकरी मिळावी म्हणून गावातल्या सधनांकडून पैसा जमवला. त्यातून त्याला कळले की दानाने एक हिवाळा निघतो, पुढच्याची सोय होत नाही. १८६४ साली त्याने हेडेसडॉर्फ येथे गावाची पतपेढी काढली. नियम साधे होते. सभासद एकाच गावातले, एकमेकांना ओळखणारे. कर्ज कामासाठी, चैनीसाठी नव्हे. आणि संस्थेच्या देण्याला सगळे सभासद आपल्या साऱ्या मालमत्तेनिशी जबाबदार. शेजाऱ्याने कर्ज बुडवले तर माझे घर धोक्यात, म्हणून शेजाऱ्याचे बरे चालावे ही माझीही गरज.

तुकोबांच्या घरी दुष्काळ आला आणि त्यांनी कागद सोडले. रायफायझनने दुष्काळ पाहिला आणि कागदाची रीतच बदलली. एक मार्ग विरक्ताचा, दुसरा प्रापंचिकाचा. दोन्हींच्या मुळाशी भुकेलेल्या माणसाचे दर्शन आहे.

१९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो याच नमुन्यावर. गावातल्या संस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्याद असे. १९१२च्या सुधारित कायद्याने या गावसंस्थांना पैसा पुरवणाऱ्या मध्यवर्ती बँकांची वाट मोकळी केली. मुंबईत विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी १९११ साली इलाख्याची मध्यवर्ती सहकारी बँक उभी केली होतीच. जिल्ह्या-जिल्ह्यांत तशा बँका निघू लागल्या. आजची जळगाव जिल्हा बँक ही त्या पिढीतली, पूर्व खानदेश या नावाने सुरू झालेली. आपल्या गावची 'सोसायटी' ही तिचीच खालची पायरी.

वारकऱ्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताईची पालखी निघते, अमळनेरहून सखाराम महाराजांची दिंडी निघते. वाटेत प्रत्येकाने आपली भिशी भरायची, सर्वांचा स्वयंपाक एकत्र, पंगत एक, आणि एखाद्याची भिशी कमी पडली म्हणून त्याला ताटावरून उठवायचे नाही. सप्ताहाच्या काल्याला जमाखर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. सहकार हा शब्द पुस्तकात येण्याआधी तो आपल्या दिंडीत चालत होता.

नावात सहकार, व्यवहारात काय?

मग सावकार गेला का? १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची मोठी पाहणी झाली. तिचा अहवाल १९५४ साली आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास आणि सावकारांचा जवळजवळ सत्तर निघाला. पन्नास वर्षांच्या सहकाराने तेव्हा एवढेच साधले होते. त्यानंतर सरकारने भांडवल घातले, १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, सोसायट्या वाढल्या आणि चित्र बदलले. गावातला सावकार मागे सरला, हे यश खरे आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण जुनी सवय नव्या कपड्यांत परतली. मार्चअखेरीला सोसायटीत 'नवे-जुने' होते. हातउसने आणून जुने कर्ज भरायचे, लगेच नवे उचलायचे, उसने परत करायचे. वही स्वच्छ, शेतकरी होता तिथेच. दर तीन वर्षांनी कागद बदलणाऱ्या जुन्या सावकाराची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

त्याहून मोठा घाव ठेवीदारांनी सोसला. १९८०-९०च्या दशकांत जळगाव जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था निघाल्या. पिग्मी गोळा करणारा ओळखीचा, संचालक ओळखीचे, व्याज बँकेपेक्षा दोन-तीन टक्क्यांनी अधिक. पुढच्या दशकात त्यांतल्या अनेक संस्था अडचणीत आल्या. जळगावात मुख्यालय असलेल्या आणि अनेक राज्यांत शाखा असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्यीय पतसंस्थेवर २०१५ साली अवसायक नेमावा लागला. हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत निवृत्त शिक्षक होते, विधवा होत्या, मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवलेले शेतकरी होते. आपल्या ठेवपावत्या निम्म्याहूनही कमी किमतीला विकण्याची पाळी काहींवर आली, असे पुढे पोलीस तपासात समोर आले.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की सहकार हे नाव गळ्यातल्या माळेसारखे आहे. माळ घातली म्हणून आचरण आपोआप येत नाही, हे संतांनी आपल्याला परोपरीने बजावले आहे. रायफायझनच्या पेढीत सभासद एकमेकांना ओळखत होते आणि एकमेकांच्या देण्याला बांधलेले होते. दहा राज्यांत पसरलेल्या संस्थेत ओळख फक्त पाटीची उरते, आणि बांधिलकी कोणाचीच उरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. दोन टक्के जास्त व्याज आपल्याला हवे होते. ते कोणीतरी कोठेतरी भरल्याशिवाय आपल्या पासबुकात कसे येणार होते? एक तर कर्जदाराच्या मानेवरून, नाहीतर दुसऱ्या ठेवीदाराच्या मुद्दलातून. फसलेल्या ठेवीदाराला दोष द्यावा असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्यांनी पैसा गिळला, पाप त्यांचेच. परंतु अधिक व्याजाचा मोह हा सावकारीचाच अंश आहे, आणि तो पेढीवर बसलेल्या माणसापुरता कधीच नव्हता, हे स्वतःशी कबूल करायला हवे.

लहान वही, मोठे मन

आता उजेडाची बाजू पाहू. जळगाव जनता सहकारी बँक १९७९ साली सुरू झाली. डॉ. अविनाश आचार्य यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ती उभी केली. शहरातली बँक असूनही महिलांच्या बचत गटांना बँकेशी जोडण्याचे काम तिने मोठ्या प्रमाणावर केले. त्याच प्रेरणेतून आलेल्या केशवस्मृती प्रतिष्ठानची रक्तपेढी आणि नेत्रपेढी आज जळगावकरांच्या ओळखीची आहे. बँक ही गावाच्या सुखदुःखात उतरू शकते, एवढे या उदाहरणाने दिसते.

बचत गटाची वही हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला. दहा ते वीस बाया, महिन्याची ठरलेली बचत, आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज. पुष्कळ गटांत व्याज महिन्याला शेकडा दोन असते. सालाचे चोवीसच की! मग जुन्या सावकारात आणि या गटात फरक काय, असे कोणी विचारेल. फरक असा की हे व्याज गटाच्याच पेटीत राहते आणि ते भरणारीलाही त्यात वाटा मिळतो. कर्ज कोणी, कशासाठी घेतले हे सगळ्यांना ठाऊक असते. एखादीच्या घरी आजारपण आले तर हप्ता पुढे ढकलायचा की नाही, हे तिच्या ओसरीवर बसून ठरते. दाराशी येऊन आठवड्याचा हप्ता मागणाऱ्या परक्या वसुलीदाराशी हे ताडून पाहावे.

साताऱ्याकडच्या म्हसवडला १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिल्या खेपेला परवाना नाकारला गेला, कारण प्रवर्तक बाया अंगठेबहाद्दर होत्या. त्यांनी अक्षरे गिरवली आणि पुन्हा जाऊन सांगितले की व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमचे अधिकारी यंत्रावर करोत, कोण आधी करते ते पाहा. परवाना मिळाला. हिशेब ही पुस्तकी विद्या नाही, ती जागेपणाची विद्या आहे. नाथमहाराजांनी देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागवली, ही कथा आपण मुलांना सांगतो. आपल्या संस्थेच्या ताळेबंदासाठी मात्र आपण एक संध्याकाळही जागत नाही.

दोन वाट्या

मग प्रापंचिक वारकऱ्याने करावे काय? पगार बँकेत येतो, पेन्शन बँकेत येते, शेतमालाचे पैसेही तेथेच. बँकेला पाठ दाखवणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढे पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला, पैशावाचून जगून पाहिले. तो मार्ग मोठ्यांचा. आपल्यासाठी तुकोबांच्या कथेतच एक लहान वाट दडली आहे. तुकोबांनी सगळी खते पाण्यात टाकली नाहीत. कान्होबांचा वाटा कान्होबांना दिला. कान्होबांना घर चालवायचे होते. विरक्तीचा भार दुसऱ्याच्या लेकरांवर टाकायचा नसतो, हे त्यांनी जाणले होते.

आपणही आपल्या बचतीच्या अशाच दोन वाट्या कराव्यात.

कान्होबांची वाटी घराची. आजारपण, शिक्षण, म्हातारपण यांसाठी. ती सुरक्षित जागीच असावी. येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेत, मग ती राष्ट्रीयीकृत असो वा सहकारी, एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. फेब्रुवारी २०२०पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. पाटीवर 'बँक' लिहिले आहे की 'पतसंस्था', हे एका शब्दाचे अंतर म्हातारपणीच्या भाकरीएवढे मोठे आहे.

मात्र सुरक्षित म्हणजे निर्दोष असे नव्हे. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला पाण्याचा घोटही मोजून, आणि आपलीच ठेव एखाद्या दारूच्या कारखान्याचे भांडवल झालेली, असे घडू शकते. मोठ्या बँकेत हे शोधणे कठीण. जिथे आपण सभासद आहोत त्या सहकारी बँकेत किंवा संस्थेत ते विचारता येते. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेला जावे. अहवाल चहा-फराळाच्या पुडीबरोबर न गुंडाळता वाचावा. थकीत कर्जे किती, लेखापरीक्षणात संस्थेला अ, ब, क, ड यांपैकी कोणता वर्ग मिळाला, संचालकांना व त्यांच्या नातलगांना किती कर्ज दिले, हे उभे राहून विचारावे. सभासदाला संस्थेचे दप्तर पाहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. विचारणाऱ्याला उत्तर देण्याऐवजी जिथे ओळखीचा दाखला देऊन गप्प बसवले जाते, तिथली ठेव मुदत संपताच काढून घ्यावी. बाजारात सगळीकडे सात टक्के मिळत असता कोणी बारा देऊ लागला, तर तो दाता नव्हे, हे ओळखावे.

तुकोबांची वाटी लहान असावी. बुडाली तरी घर उपाशी राहणार नाही, एवढीच. पण ती जरूर असावी. गावातला बचत गट, आपल्या पाहण्यातली एखादी सोसायटी, सालदाराच्या मुलीच्या शिक्षणासाठी दिलेले बिनव्याजी उसने, पेरणीला कमी पडणारे शेजाऱ्याचे बियाणे. या वाटीतल्या पैशाचा चेहरा आपल्याला माहीत असला पाहिजे. व्याज घ्यायचे तर दामदुपटीची जुनी मर्यादा आपल्या मनाने पाळावी आणि पाऊस गेला तर कागद पुढे ढकलावा. आणि कधी असा प्रसंग आला, की समोरचा खरोखर नागवला गेला आहे आणि मागितले तर तो मरेल, तेव्हा ही वाटी पाण्यात सोडण्याची तयारी असावी. मोठी रक्कम सोडणे आपल्याला जमणार नाही. लहान सोडण्याचा सराव मात्र करता येतो.

खानदेशच्या या दोनशे वर्षांत कायदे झाले, बँका झाल्या, त्यांतल्या काही टिकल्या आणि काही बुडाल्या. जिथे माणसे एकमेकांना ओळखत राहिली आणि हिशेब उघड्यावर वाचला गेला, तिथला व्यवहार बहुतेक शुद्ध राहिला. जिथे ठेवीदाराने पासबुकातल्या व्याजापलीकडे पाहणे सोडले, तिथे सावकार नव्या नावाने येऊन बसला.

येत्या आषाढीला दिंडीची भिशी भराल, तेव्हा घरातल्या दुसऱ्या वहीवरूनही एकदा नजर फिरवा. आपला रुपया या घडीला कोणाच्या घरी, काय काम करतो आहे, हे ज्याला सांगता येईल, त्याची ठेव पांडुरंगाच्या पेढीवरही जमा झाली, असे समजायला हरकत नाही.

रामकृष्णहरी.